लहू रामटेकेची गर्दी

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेमधल्या आपल्या लोकांत कुणाच्या पोराचा पहिला वाढदिवस असो, कुणाचे आईवडील पहिल्यांदा अमेरिकेला यायचे असोत की भीमजयंती असो, बॅनर रंगवायला फोन जायचा तो लहू रामटेकेलाच. "लहू, यार, जरा दोन अक्षरं काढून दे ना," असं म्हणायचं आणि चादरीएवढा कागद त्याच्या हातात कोंबायचा. लहू कधी नाही म्हणाला नाही. दिवसभर तो एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचा पगार घ्यायचा. इतका भिडस्त माणूस हे काम कसं निभावतो, याचं त्याच्या बायकोला, दीक्षाला, कायम नवल वाटे.

हात मात्र बापाचा होता. नागपुरात इंदोऱ्यात लहूच्या वडिलांचं पेंटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिडी, रंगाचे डबे आणि भिंतीला टेकवलेले पत्रे. निवडणूक आली की तिथं श्वास घ्यायला फुरसत नसे. बोर्डाचा नियम ठरलेला होता. मोठ्या साहेबांचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं, जिल्ह्याच्या साहेबांचं परातीएवढं, आणि खाली शुभेच्छुक म्हणून रांगेत उभे राहणारे कार्यकर्ते वाटाण्याएवढे. "आधी मान कोणाले किती ते इचार, मंग पट्टी लाव," असं बाप शिकवायचा. वाटाणे रंगवायचं काम लहूकडे असे. तो त्या वाटाण्यांना नीट नाकडोळे काढत बसायचा, कुणाचा दात पुढे असला तर तोही दाखवायचा आणि बापाच्या शिव्या खायचा. दोन ठिपके दिले की डोळे झाले, कार्यकर्त्याला आणखी काय पाहिजे!

लहूला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बापानं साफ नाही म्हणून सांगितलं. रंगात हात भरवायला मी आहे, तू इंजिनिअर हो. त्यात दुष्टपणा नव्हता. आयुष्यभर शिडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला पोरगं खुर्चीवर बसलेलं बघायचं होतं, एवढंच. लहू इंजिनिअर झाला. बाप ते बघून गेला. दुकान बंद पडलं, आणि लहू दीक्षाला घेऊन, मसाल्याच्या पुड्यांनी फुगलेल्या बॅगांसह न्यू जर्सीत येऊन पडला.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो बेंचवर आला. बेंचवर येणं म्हणजे कंपनी आपली, पण काम नाही. आणि काम लवकर मिळालं नाही तर व्हिसाही नाही, अशी लोंबकळती अवस्था. दीक्षाला काळजी वाटू नये म्हणून लहू रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लायब्ररीत जाई आणि तिथून अर्ज पाठवत बसे. दीक्षाला काळजी वाटतच होती, पण त्याला बरं वाटावं म्हणून ती शर्टाला इस्त्री करून देई. एके दिवशी लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये म्हातारी माणसं ओळीनं शिरताना त्याला दिसली. दाराशी फुकट कॉफी ठेवली होती. लहू कॉफीसाठी आत गेला. युरोपातल्या प्रबोधनाशी, म्हणजे रेनेसान्सशी, त्याची गाठ पडली ती अशी.

पडद्यासमोर एक निवृत्त प्राध्यापकबाई उभ्या होत्या. त्यांचे आजीआजोबा इटलीतून आलेले, आणि इटलीबद्दल बोलताना त्या माहेरची गोष्ट सांगावी तशा रंगून जात. त्यांनी पहिली स्लाइड लावली. सोनेरी पार्श्वभूमीवर मध्यभागी भली थोरली मेरी, आणि तिच्या पायाशी, तिच्या पावलाएवढा, ज्यानं ते चित्र करून घेतलं तो सावकार. लहू मोठ्यानं हसला. सगळा हॉल वळून बघायला लागला. बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा कान लाल झालेल्या लहूनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा आमच्या वडिलांचा निवडणुकीचा बोर्ड आहे. बाईंना ते इतकं आवडलं की पुढची प्रत्येक स्लाइड त्या लहूकडे बघूनच समजावू लागल्या.

दुसरी स्लाइड नंतरच्या काळातली होती. विषय तोच, पण सावकार आता मेरीच्याच मापाचा होता. गुडघे टेकून बसलेला, हनुवटीखालच्या वळीसकट आणि नाकावरच्या चामखिळीसकट. मधे असं काय घडलं, ते बाई दर आठवड्याला थोडंथोडं सांगत गेल्या. जुन्या मठांतून धूळ खात पडलेले ग्रीक-लॅटिन ग्रंथ काही वेड्या विद्वानांनी हुडकून काढले. त्यात माणसानं कसं बोलावं, कसं जगावं, आपलं गाव कसं चालवावं, याची चर्चा होती. वाचणाऱ्यांना हुरूप आला. माणूस म्हणजे नुसता पापाचा गोळा नव्हे, तो शिकून स्वतःला घडवू शकतो, त्याला स्वतःची किंमत आहे, असं ती मंडळी म्हणू लागली. यालाच पुढे मानवतावाद म्हणायला लागले. चित्रकारांनाही ते वारं लागलं. कुणाचा मान किती हे बघून माप घेण्याऐवजी ते डोळ्याला काय दिसतं त्यावरून माप घेऊ लागले. बघणारा माणूस कुठंतरी उभा असतो. तिथून जे जवळ ते मोठं, जे लांब ते लहान. मग तो राजा असो की संत. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर फळ्यात खिळा ठोकायचा, खिळ्याला दोरे बांधायचे आणि ताणलेल्या दोऱ्यांवरून रस्ते, भिंती, माणसं आखत जायची.

माणूस शिकून स्वतःला घडवतो, हे ऐकायला लहूला इटलीपर्यंत जायची गरज नव्हती. त्याच्या वस्तीत ते पाळण्यातल्या पोराच्याही कानावर पडत होतं. पण ही गोष्ट एका खिळ्यानं आणि दोऱ्यानं सांगता येते, याचा त्याला फार आनंद झाला. त्यानं एकच शंका विचारली. हे जे गुडघे टेकून बसलेत, त्यांनी चित्रकाराला पैसे दिले होते का? बाई म्हणाल्या, जवळजवळ सगळ्यांनी. आणि गवंडी, धोबीण? बाईंनी प्रामाणिकपणे मान हलवली. फार थोड्या जणांना जागा मिळाली, म्हणाल्या. हे उत्तर लहूच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

पुढे त्याला काम मिळालं, व्हिसा टिकला, मुलगी झाली, नेत्रा. पण कुठंही या विषयाचा संध्याकाळचा वर्ग निघाला की लहू मागच्या बाकावर हजर. लोक शेअर बाजार शिकत होते, आणि हा खिळे-दोरे.

दोन हजार सहा साल उजाडलं. नागपूरच्या धम्मदीक्षेला त्या ऑक्टोबरात पन्नास वर्षं होत होती. चौदा तारीख नेमकी शनिवारी आली होती, त्यामुळे एरवी सगळे सण वीकेंडला ढकलणाऱ्या मंडळींना या वेळी काही ढकलावं लागलं नाही. एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं ठरला. तिथल्या आपल्या लोकांच्या संघाचे अध्यक्ष मनोहर गजभिये, सगळ्यांचे मनोहरकाका, लहूच्या घरी आले. काका सत्तरच्या दशकात केमिस्ट म्हणून आलेले. नव्या आलेल्या किती पोरांना त्यांनी आपल्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं, किती जणांना ड्रायव्हिंग शिकवलं, याचा हिशेब त्यांनाही नव्हता. लहूही त्यातलाच एक. काका म्हणाले, "लहू, या वेळी बॅनर नको. मोठं पेंटिंग कर. स्टेजच्या मागं लावू. अख्खा दीक्षा सोहळा दिसला पाहिजे."

लहूला आकाश ठेंगणं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे अक्षरं न मागता चित्र मागितलं होतं. त्यातून त्याची आई, गिरजाबाई, उन्हाळ्यापासून त्यांच्याकडे आलेली. आणि छप्पन साली ती त्या मैदानावर हजर होती. वय नेत्राहून थोडं मोठं. आता डोळा कुठं ठेवायचा हे लहूला शोधावं लागलंच नाही. खिळा आईच्या डोळ्याच्या उंचीवर ठोकायचा.

"आई, तू उभी कुठं होती?"

"लय मागं. रस्त्याच्या कडेले गिट्टीचा ढीग होता, त्याच्यावर. आमी सगळी पोट्टी त्याच्यावरच चढलो होतो."

झालं. डायनिंग टेबल भिंतीला गेलं, जेवणं मांडीवर ताट घेऊन होऊ लागली. लहू ऑफिसातून आला की कॅनव्हाससमोर. गिरजाबाई खुर्चीत बसून माणसं पुरवायची. ही उमरेडहून चालत आलेली बाई, हिच्या पायाला चिंधी बांधली होती. हा शेजारचा गवंडी, घाम पुसायला मागं वळला होता. ही धुणंभांडी करणारी, नवऱ्याचं पांढरं धोतर लुगडं म्हणून नेसून आली होती, कारण पांढरं नेसून यायचं ठरलं होतं आणि तिच्याकडे पांढरं काही नव्हतं. लहू काढायचा आणि आई खोट काढायची. "नाक जाड कर तिचं. एवढी गोरी काहून करून राहिला? उन्हात राबणारी बाई होती ते!" दीक्षा म्हणायची, "अहो, टेस्टिंगचा गुण तुमच्यात कुठून आला ते आत्ता कळलं."

पांढऱ्या कपड्यांचा तो समुद्र हळूहळू माणसांनी भरत गेला. एकही वाटाणा नव्हता. जो मागं वळलेला त्याला चेहरा होता, आणि ज्याची पाठ होती त्याच्या पाठीवरूनही माणूस ओळखू यावा इतकी ती पाठ त्याची होती. इटलीत जी जागा सावकारांना मिळाली ती लहू फुकट वाटत सुटला होता. खूप वर्षांत तो इतका सुखी नव्हता.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मनोहरकाका आणि संघाचा सेक्रेटरी विनय चित्र बघायला आले. विनयनं "वॉव" म्हटलं, मोबाइल काढून फोटोही घेतला. काका चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाबासाहेब कुठंयत?"

लहूनं बोट दाखवलं. लांबवर, जिथं सगळे दोरे जाऊन मिळत होते तिथं, पांढरा मंच होता, आणि मंचावर तांदळाच्या दाण्याएवढी एक आकृती.

काका चित्रापासून एक पाऊल मागं सरले. लहूनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. काका, हा पर्स्पेक्टिव्ह आहे, बघणाऱ्याच्या डोळ्यातून... रेनेसान्समध्ये आधी मानाप्रमाणे साइझ असायचा, मग मानवतावाद्यांनी... आपण जे मानतो तेच आहे हे, काका...

"तुझी ती इटली ठेव बाजूला," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अरे, उभा जन्म लोकांनी त्यांना लहान करायचा प्रयत्न केला. पुस्तकातून वगळलं, पुतळे फोडले. आणि तू आपला पोरगा, आपल्या हातानं त्यांना तांदळाएवढं करतोस?"

खरं सांगायचं तर हा विचार लहूच्या मनाला शिवलाच नव्हता. इतक्या वर्षांचे संध्याकाळचे वर्ग, आणि ज्यांच्यासाठी चित्र काढायचं त्यांना ते कसं लागेल हे मात्र शिकायचं राहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विनयनं तोडगा काढला. "आकाश रिकामंच आहे ना? तिथं बाबासाहेबांचा मोठा फेस टाक. प्रॉब्लेम सॉल्व्ह." काका म्हणाले, हे बरं होईल. लहू हो म्हणाला. भिडस्त माणूस, दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कोळशाची कांडी घेऊन आकाशासमोर उभा राहिला. तो चेहरा त्याचा हात झोपेतही काढू शकला असता, बापानंच गिरवून घेतला होता. पण कांडी टेकवली की खालची गर्दी त्याच्याकडे बघायला लागे. आकाशात चाकाएवढा चेहरा आला की ही सगळी माणसं पुन्हा वाटाणे होणार, हे त्याला दिसत होतं. आणि नाही काढला, तर ज्या माणसानं परदेशात त्याला डोक्यावर छप्पर दिलं, त्याच्या श्रद्धेवर पाय दिल्यासारखं होणार. दीक्षाला त्यानं विचारलं, काय करू? ती म्हणाली, "ज्यांचं चित्र आहे त्यांना विचारा ना."

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वैतागून म्हणाली, "आकाशात काहून टाकता त्याईले? आकाशात देव असतेत. ते तं मंचावर होते." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

लहूनं कांडी डब्यात ठेवून दिली. काकांना फोन करून सांगितलं, "काका, मला जमत नाहीये. स्टेजवर नेहमीचा फोटोच लावू. पेंटिंग मी आणतो. कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर परत नेईन." काकांना नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती. काका फक्त "बघू" म्हणाले.

चौदा तारखेला स्टेजवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, हार होते, मेणबत्त्या होत्या. चित्राला जागा मिळाली ती बाजूच्या भिंतीला, जेवणाचे ट्रे ठेवायच्या टेबलाजवळ. त्रिशरण-पंचशील झालं. मग विनयनं माइकवरून जाहीर केलं की आपल्यात एक व्यक्ती अशी आहे जिनं तो सोहळा प्रत्यक्ष पाहिला. गिरजाबाईला शाल दिली, टाळ्या झाल्या आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. "आजी, बाबासाहेबांना तुम्ही जवळून पाहिलं, ते सांगा ना."

"जवळून कुठून पाहीन मी?" गिरजाबाई म्हणाली. ती माइक सोडून सरळ खाली उतरली आणि भिंतीकडे गेली. सगळा हॉल खुर्च्या फिरवून बसला. लहूला तोंड कुठं लपवावं कळेना.

"हे पोरानं काढलं. मी इथं होती, गिट्टीवर. अन् ते थेट तिथं." तिनं त्या दाण्यावर बोट टेकवलं. "एवढेच दिसले मले. भोंग्यातून आवाज यायचा, तो मातर मोठा. मी रडली, का मले बराबर दिसत नाही म्हणून. तं आमचा बुढा, माया बाप, म्हणे, अवं पोरी, ते लांब नाहीत, मंधात आपली माणसं लय झाली. अन् मंग मी माणसंच पाहत राहिली. ही पाहा, हिच्या पायाले चिंधी होती..."

ती एकेक करून सांगू लागली. आधी पोरं पुढे आली, मग बायका, मग ज्यांना ट्रेमधल्या पुलावाची घाई होती तेही. कुणी म्हणालं, माझे आजोबा अकोल्याहून आले होते. कुणी म्हणालं, आमची काकू पण होती म्हणे. चित्रासमोर गर्दी झाली. लहू सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभा होता. त्याला आता स्वतःचं चित्रच दिसत नव्हतं.

कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मनोहरकाका होते. चष्मा हातात, डोळे ओले.

"लहू, त्यात अजून जागा आहे का रे?"

"आहे ना, काका. कोणासाठी?"

"माझी आई गेली होती. मला तापात आजीजवळ ठेवून पायी गेली. पुढच्याच वर्षी वारली." भाषण करताना कधी न अडखळलेला माणूस शब्द शोधत होता. "फोटो एकही नाही. तेव्हा आपल्यात कोणाच्या आईचा फोटो असायचा?"

"तुम्ही सांगा, मी काढतो."

"कपाळावर गोंदण होतं. डाव्या गालावर देवीचे वण. हसली की डोळे पार मिटायचे."

लहूनं खिशातली पेन्सिल काढली, पेपर नॅपकिन हातावर पसरला आणि मग जरा भीतभीतच विचारलं, "केवढी काढू, काका?"

काकांनी गर्दीकडे पाहिलं. मग हात छातीच्या खाली धरून उंची दाखवली.

"जेवढी होती तेवढीच काढ," ते म्हणाले. "लहानखुरी होती रे माझी आई."